काशीला जाताय? पंचगंगेच्या पायऱ्या चढून वर या

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या देवघरात आजीने आणलेला गंगेचा गडू होता. तांब्याचा, तळहातावर मावेल एवढा, तोंड बंद केलेला. आजी सासू-सासऱ्यांबरोबर काशीला जाऊन आली, घरी आल्यावर गंगापूजन केलं, गावजेवण घालून मावंदं झालं, आणि मग तो गडू देवापाशी बसला तो बसलाच. तीन वर्षांपूर्वी आजी गेली तेव्हा तो फोडला, तिच्या तोंडात गंगा घातली. देवघरातली ती जागा रिकामी राहिली आणि आईने तेव्हापासून एकच धोशा लावला, मला काशीला ने.

गेल्या कार्तिकात आम्ही सहा दिवस जाऊन आलो. पहिले दोन दिवस सगळे करतात तेच केलं. विश्वनाथ, अन्नपूर्णा, कालभैरव, संध्याकाळी दशाश्वमेधावरची आरती. सगळं छान झालं, तरी आई गप्प होती. तिसऱ्या दिवशी पहाटे नावेत बसलो. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट सगळे पूर्वेला तोंड करून आहेत, त्यामुळे ऊन चढू लागलं की दगड एकेक करून उजळत जातात. मणिकर्णिका मागे पडली आणि नावाडी एकेक नाव सांगू लागला. सिंधिया घाट. भोसले घाट. गणेश घाट. जटार घाट. बालाजी घाट. मग मागे वळून आईला म्हणाला, "माताजी, ये तो सब आप ही लोगों का है."

आईने त्याला नाव कडेला लावायला सांगितली. पंचगंगा घाटावर उतरलो आणि उरलेले चार दिवस आम्ही फिरून फिरून त्याच भागात होतो.

हा धागा त्यासाठीच काढते आहे. आपल्याकडून काशीला जाणारी बहुतेक माणसं दशाश्वमेध ते मणिकर्णिका एवढ्यातच फिरून परततात. उत्तरेकडचे घाट नावेतून दिसतात, पण तिथे कुणी उतरत नाही. खरं तर भोसले घाटापासून ब्रह्माघाटापर्यंतच्या चिंचोळ्या गल्ल्यांत शेकडो वर्षं मराठी बोललं गेलं आहे. काशीला जाल तेव्हा अर्धा दिवस तरी तिथे द्या, एवढीच विनंती.

आम्ही काय पाहिलं ते थोडं सांगते. पंचगंगेवर अहिल्याबाईंनी उभारलेला दगडी दीपस्तंभ आहे, त्याला हजारा म्हणतात. आपल्याकडे देवळापुढे दीपमाळ असते त्याच जातीचा. बिंदुमाधवाचं जुनं भव्य देऊळ औरंगजेबाच्या काळात पडलं आणि त्या जागी मशीद उभी राहिली. आजचं बिंदुमाधवाचं देऊळ जवळच आहे, ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलं. बाहेरून ते देऊळ वाटतच नाही, एखाद्या वाड्याचा जिना चढून माडीवर गेल्यासारखं वाटतं. आत विष्णूची काळी मूर्ती. दुपारी आमच्याशिवाय तिथे एक म्हातारे गृहस्थ पोथी वाचत बसले होते, बाकी कुणी नाही. आई तासभर बसली.

ज्यांना या भागाची जास्त माहिती आहे त्यांनी कृपया भर घाला.

जुनी पोथी

उत्तम विषय. सुरुवात घाटांच्याही आधीपासून करायला हवी. मराठ्यांची सत्ता उत्तरेत पोचण्याच्या दोनशे वर्षं आधी मराठी पंडित काशीत पोचले होते.

पैठणचे रामेश्वर भट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीला जाऊन राहिले. त्यांचे चिरंजीव नारायण भट्ट (जन्म १५१३) हे त्या काळातले काशीचे सर्वांत मान्यवर पंडित. १५८५ च्या सुमारास अकबराचे मंत्री तोडरमल यांच्या आधाराने विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं राहिलं, त्यामागे हे नारायण भट्ट होते. काशी, प्रयाग आणि गया या यात्रांचा विधी सांगणारा 'त्रिस्थलीसेतु' त्यांचाच. आपण आजही 'त्रिस्थळी यात्रा' म्हणतो, त्या यात्रेचं शास्त्र असं मराठी घराण्यातल्या माणसाने काशीत बसून लिहिलं आहे.

त्यांचे नातू कमलाकर भट्ट यांनी १६१२ मध्ये 'निर्णयसिंधु' हा धर्मशास्त्राचा ग्रंथ पुरा केला. पणतू विश्वेश्वर भट्ट, म्हणजे आपले गागाभट्ट. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला ते हेच. शाळेच्या पुस्तकात गागाभट्ट एकदम काशीहून येतात आणि राज्याभिषेक करून निघून जातात. त्यांच्यामागे चार पिढ्यांची काशी आहे आणि त्याही मागे पैठण आहे, हे कुणी सांगत नाही.

पैठणचाच आणखी एक धागा आहे. एकनाथांनी भागवताची टीका पैठणला सुरू केली. प्राकृतात असं काही लिहिणं काशीच्या पंडितांना खटकलं, म्हणून नाथ काशीला गेले आणि ग्रंथ तिथेच पुरा केला, शके १४९५, म्हणजे १५७३ साली. ज्या शहरातून आक्षेप आला त्याच शहरात मराठी भागवताचा सन्मान झाला, अशी परंपरा आहे.

वर्धेकर

भोसले घाटाचं नाव घेतलंत, मन भरून आलं. हा नागपूरकर भोसल्यांचा घाट, १७८० च्या सुमाराचा. वर लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. नावेतून बघाल तर भला थोरला दगडी दरवाजा आणि उंच भिंत दिसते, किल्ल्यासारखी. दक्षिणेकडे अहिल्याबाई घाटाला लागून मुनशी घाट आणि दरभंगा घाट आहेत. त्यातला मुनशी घाट श्रीधर नारायण मुनशी यांचा, तेही नागपूर दरबारचे. पुढे त्यातला काही भाग दरभंग्याच्या महाराजांनी घेतला. तो जो उंच राजवाडा सगळ्या फोटोंत दिसतो, तोच.

आमच्या वडिलांना नागपूरच्या बाहेर 'भोसले' हे नाव दगडावर वाचायला मिळालं याचं फार अप्रूप होतं. त्यांनी घाटाच्या पायरीला हात लावून नमस्कार केला होता. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, मला कळलं नव्हतं.

प्रवासी पक्षी

माझ्या माहितीप्रमाणे काशीतले निम्मे घाट अहिल्याबाईंनीच बांधले आहेत ना? आमच्या गाइडने तसंच सांगितलं होतं.

जुनी पोथी

नाही हो, आणि त्यांचं मोठेपण त्यावर अवलंबूनही नाही. त्यांचं सर्वांत मोठं काम विश्वनाथाचं आजचं देऊळ. जुनं देऊळ १६६९ मध्ये पाडलं गेलं. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी, १७८० मध्ये, अहिल्याबाईंनी शेजारच्या जागेत आजचं देऊळ बांधलं. शिखरावरचं सोनं पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी १८३० च्या दशकात दिलं. शेजारच्या ज्ञानवापी विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप १८२८ साली ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी बांधला. दोन मराठी स्त्रिया, पन्नास वर्षांच्या अंतराने, त्याच परिसरात.

याशिवाय अहिल्याबाईंचा स्वतःचा घाट, मणिकर्णिकेची दुरुस्ती आणि पंचगंगेचा दीपस्तंभ. लोलार्क कुंडाचं कामही त्यांच्या आणि कूचबिहारच्या राजांच्या नावावर आहे.

बाकीचं इतरांचं. अन्नपूर्णेचं देऊळ थोरल्या बाजीरावांचं, १७२९ च्या सुमाराचं. कालभैरवाचं आजचं देऊळ दुसऱ्या बाजीरावांचं. गणेश घाट अमृतराव पेशव्यांचा, १८०७. अमृतराव म्हणजे राघोबादादांचे दत्तक पुत्र. पुण्याच्या राजकारणातून बाजूला झाल्यावर ते काशीत आले. जटार घाट शिंद्यांचे दिवाण जटार यांचा. ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि त्रिलोचन घाट यांच्याशी नारायण दीक्षित पाटणकरांचं नाव जोडलेलं आहे. पेशवे त्यांना गुरुस्थानी मानत.

बायजाबाईंनी १८३० मध्ये बांधलेला शिंदे घाट (नावाड्याचा 'सिंधिया घाट') मात्र इतका जड झाला की स्वतःच्या वजनानेच खचला. पुढे तो पुन्हा बांधला. त्याच्या पायथ्याशी कललेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे. पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्याखाली असतो.

ब्रह्माघाट

पहिल्यांदाच या संकेतस्थळावर लिहितो आहे. माझं नाव वाचून कळलंच असेल. जन्म ब्रह्माघाटाच्या गल्लीतला, आता नोकरीमुळे इंदूरला असतो. माझ्या मराठीत हिंदी मिसळलेली आहे, सांभाळून घ्या. आमच्या घरी आठ पिढ्यांपासून मराठीच बोलतात, पण दारापासून दोन पावलांवर काशिका, म्हणजे बनारसची बोली, सुरू होते. आई ओट्यावरून हाक मारायची मराठीत आणि आम्ही मित्रांना ओरडून सांगायचो, "आवत हई गुरु!"

गोदाकाठ ताई, तुम्ही ज्या भागात फिरलात त्याला आम्ही पक्का महाल म्हणतो. चार-पाच मजली दगडी घरं आणि गल्ली एवढी अरुंद की समोरून सांड आला तर तुम्ही कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं. त्या घरांना नदीकडून पाहिलं तर वाडे, गल्लीतून पाहिलं तर फक्त दार. आत चौक, चौकात तुळस, कोपऱ्यात विहीर. अगदी कोकणातल्या नाहीतर वाईतल्या घरासारखा चौक, फक्त वर आकाशाचा तुकडा छोटा.

आमच्याकडे ब्रह्माघाटाला सार्वजनिक गणपती बसतो, त्याला शंभर वर्षं कधीच उलटून गेली. आरत्या सगळ्या मराठीत. शेजारचे यादव आणि गुजराती कुटुंबातले मुलगेसुद्धा 'सुखकर्ता दुखहर्ता' पाठ म्हणायचे, अर्थ माहीत नसला तरी चाल पक्की. रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे. सकाळी तिथून जा, वेदपाठ गल्लीत ऐकू येतो.

एक गोष्ट बाहेरच्या मराठी लोकांना सांगावीशी वाटते. काशीतल्या मराठी माणसांनी तिथे केवळ घाट बांधले आणि पूजा सांगितली, असं नाही. हिंदी पत्रकारितेत ज्यांचं नाव सगळ्यात आदराने घेतात ते बाबूराव विष्णु पराडकर आमच्या काशीचे, जन्म १८८३. १९२० मध्ये शिवप्रसाद गुप्तांनी 'आज' हे दैनिक काढलं. पराडकरजींनी त्याचं संपादन वर्षानुवर्षं केलं. इंग्रज सरकारविरुद्ध 'रणभेरी' नावाचं गुप्त पत्रक निघायचं, त्यातही ते होते. हिंदीत नावाआधी 'श्री' लावणं, 'राष्ट्रपति' आणि 'मुद्रास्फीति' हे शब्द रुळवणं, याचं श्रेय त्यांना देतात. मातृभाषा मराठी असलेल्या माणसाने हिंदीला असे शब्द दिले. शहरात त्यांच्या नावाचं भवन आहे, पत्रकार तिथे जमतात. माझे आजोबा त्या इमारतीवरून जाताना टोपी काढायचे.

गणिताचं आणि ज्योतिषाचं विचाराल तर बापूदेव शास्त्री. एकोणिसाव्या शतकात ते काशीच्या सरकारी संस्कृत कॉलेजात शिकवत. त्यांच्या नावाचं पंचांग आजही निघतं, आमच्या घरी तेच होतं.

आणि झाशीची राणी. तिचे वडील मोरोपंत तांबे दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा यांच्याकडे काशीत होते. मुलीचं नाव मणिकर्णिका ठेवलं, घाटावरून. अस्सीजवळ भदैनीला जन्मस्थान आहे, ते मराठी यात्रेकरूंनी चुकवू नये.

गोदाकाठ

ब्रह्माघाट दादा, तुमचं मराठी फार गोड आहे, सांभाळून घेण्यासारखं त्यात काही नाही. अजून लिहा. तो सांडाचा अनुभव आम्हालाही आला, आई एका घराच्या पायरीवर चढली आणि आतल्या बाईंनी तिला पाणी आणून दिलं.

चाफेकळी

माझी आई बहात्तर वर्षांची, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. तिलाही जायचं आहे. पंचगंगेच्या पायऱ्यांचे फोटो पाहिले आणि पोटात गोळा आला. काही मार्ग आहे का?

ब्रह्माघाट

चाफेकळी ताई, आहे. खालून वर चढूच नका. मैदागिनपर्यंत ई-रिक्शाने या. तिथून कालभैरव, मग चौखंभ्याच्या गल्लीतून गोपाळ मंदिरावरून पंचगंगेच्या माथ्यावर या. गल्ली बरीचशी सपाट आहे, हळूहळू चालायचं, मध्ये पुष्कळ ओटे आहेत बसायला. बिंदुमाधवाचं दर्शन वरूनच होतं, नदीपर्यंत उतरायची गरज नाही. घाट बघायचे तर नाव अस्सीहून घ्या, तिथे उतरणं त्यातल्या त्यात सोपं. पावसाळ्यात नावा बंद असतात आणि पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळ असतो, त्यामुळे दिवाळीनंतरच या. थंडी सोसत असेल तर मार्गशीर्ष सगळ्यात चांगला. मलइयोसुद्धा तेव्हाच मिळतं.

फोडणी

मलइयोचं नाव निघालं, आता मला थांबवू नका. मी स्वयंपाकाची माणूस, देवळं पाहते पण लक्ष कढईकडे.

मलइयो म्हणजे काशीच्या थंडीचा पदार्थ. दूध आटवून रात्री उघड्यावर, दवात ठेवतात. पहाटे ते घुसळतात आणि वर येणारा फेस तेवढा काढून घेतात. त्यात केशर, वेलची, साखर, वरून पिस्ता. मातीच्या कुल्हडात भरून देतात. चमचा तोंडात घालावा तर काहीच नाही, फक्त थंडगार गोड हवा आणि मागे केशराचा वास राहतो. फेस संपला की त्याच कुल्हडात तो माणूस केशरी दूध ओतून देतो. ते न पिता निघू नका. चौखंभा, ठठेरी बाजार या भागात सकाळी नऊपर्यंत मिळतं, ऊन चढलं की फेस बसतो आणि विक्रीही संपते. मी घरी तीनदा करून पाहिलं, पुण्याच्या थंडीत जमलं नाही. फेस येतो पण तासभरही टिकत नाही.

सकाळचा नाश्ता कचौडी-सब्जी. मोठी कचौडी म्हणजे उडदाच्या डाळीची पिठ्ठी भरलेली पुरी, फुगलेली, आपल्या शेगावच्या कचोरीशी तिचं काही नातं नाही. सोबत बटाटा, काळे चणे आणि लाल भोपळ्याची रस्सा भाजी, हिंगाचा वास पानावर वाढण्याआधीच येतो. शेवटी जिलबी. आपण जिलबी जेवणात खातो, काशीत ती सकाळी सातला खातात, आणि एकदा खाल्ल्यावर तेच बरोबर वाटतं.

टमाटर चाट आपल्याकडे कुणालाच पटवून सांगता येत नाही. मोठ्या तव्यावर टोमॅटो आणि उकडलेला बटाटा ठेचून ठेचून शिजवतात, त्यात मसाले, आलं, काजू, भरपूर तूप. मातीच्या नाहीतर पानाच्या द्रोणात घालून वरून जिऱ्याचा गोड पाक आणि नमकपाऱ्यांचा चुरा. आंबट, गोड, तिखट आणि गरम, अशा क्रमाने लागतं.

आणि चूडा-मटर. हे वाचून मराठी माणसाने दोन मिनिटं शांत बसावं, कारण हे पोहेच आहेत! थंडीत ताजे हिरवे मटार आले की पोहे तुपावर परततात, मटार, आलं, मिरची, गरम मसाला, लिंबू. कांदा नाही, हळद नाही. मी तिथे एका घरी खाल्ले, त्या काकूंनी पोहे पाण्याऐवजी दुधाचा हात लावून भिजवले होते. तेव्हापासून माझ्याकडे डिसेंबर-जानेवारीत रविवारी तेच होतात. घरात कांदेपोह्यांचा हट्ट करणारेही आता मागतात.

गोडात लौंगलता. मैद्याच्या पारीत खवा भरून घडी घालतात, घडी सुटू नये म्हणून वरून लवंग टोचतात, तळून पाकात घालतात. लवंग चावायची, टाकायची नाही.

बाटी-चोखा शहरापेक्षा गावाकडचं. वांगी, बटाटे, टोमॅटो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून मोहरीचं तेल आणि लसूण घालून कालवतात. आपल्या खानदेशी भरताच्या जवळचं, पण त्यात दाण्यांचा कूट नाही.

पानाबद्दल ब्रह्माघाटकरांनीच लिहावं.

ब्रह्माघाट

फोडणी काकू, तुम्ही तर आमच्या गल्लीतल्याच. मलइयो नऊला संपतं हे बाहेरच्याला सहसा माहीत नसतं.

पानाचं असं आहे की बनारसमध्ये पान पिकत नाही, पिकवलं जातं. पानं येतात बिहारच्या मगध भागातून, म्हणून मगही. हिरवी पानं टोपल्यांत ठेवून, उलटून-पालटून, ऊब देऊन पांढुरकी करतात. या कामात पिढ्यान् पिढ्यांचे हात आहेत, पानदरीब्याचा सगळा बाजार त्याच्यावर उभा आहे. असं पान तोंडात गेलं की चावावं लागत नाही, विरघळतं. २०२३ मध्ये बनारसी पान आणि लंगडा आंबा दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. लंगड्याची साल पिकल्यावरही हिरवी असते, त्यामुळे हापूसवाल्यांना तो कच्चा वाटतो. जूनच्या शेवटी या आणि वास घेऊन बघा.

ठठेरी बाजाराची आणखी एक गोष्ट. स्वातंत्र्याच्या लढ्यात तिथे तिरंगी बर्फी निघाली, केशरी, पांढरी आणि पिस्त्याची हिरवी. झेंडा हातात धरणं गुन्हा होता, मिठाई विकणं नव्हतं.

रेशीमगाठ

खाण्यात शालू विसरू नका! लग्नात आपण 'शालू' म्हणतो तो मुळात बनारसचाच. आमच्या आईचा शालू पन्नास वर्षांचा आहे, जरीकाम काळवंडलं नाही. बनारसी विणकामाला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात यंत्रमागाच्या साड्या 'हाताची' म्हणून गळ्यात मारतात. मीही एकदा फसले. एका विणकरांच्या घरी मदनपुऱ्यात जे शिकले ते सांगते. साडी उलटी करून बघा. कढुआ विणकामात प्रत्येक बुटी वेगळी विणलेली असते, मागे लोंबणारे धागे नसतात. कटवर्कमध्ये बुटीपासून बुटीपर्यंत धागा पसरून नंतर कापतात, मागे हात फिरवला की बोटांना टोकं लागतात. कढुआ महाग असणारच, एका साडीला महिने लागतात. तसं काम बघून घ्या, आणि भाव फार पाडू नका.

स्वरमंडळ

बालाजी घाटाचा उल्लेख आला, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहिली. पंचगंगेजवळच्या बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँसाहेब रियाज करत. जन्म १९१६, बिहारमधल्या डुमरावचा. लहानपणीच काशीत मामांकडे आले. मामा अलीबक्ष विश्वनाथाच्या देवळाशी जोडलेले शहनाईवादक. पहाटे गंगेत स्नान, मशिदीत नमाज, आणि मग बालाजीच्या देवळात शहनाई, हा त्यांचा दिनक्रम होता. २००१ मध्ये भारतरत्न मिळालं. परदेशात स्थायिक होण्याबद्दल विचारलं की ते विचारत, तिथे माझी गंगा कुठून आणाल? २००६ मध्ये गेले.

पेशव्यांचा घाट, विष्णूचं देऊळ आणि तिथे वाजणारी खाँसाहेबांची शहनाई. मी त्या पायऱ्यांवर बसून मोबाइलवर त्यांचा भैरव ऐकला. आसपास कुणी नव्हतं.

कबीरचौऱ्यालाही जा. कंठे महाराज, किशन महाराज, गुदई महाराज असे बनारस बाजाचे, म्हणजे बनारसच्या वादनशैलीचे, तबलिये त्या एका वस्तीतले. चैत्रात चैती, श्रावणात कजरी. गिरिजादेवींची (१९२९–२०१७) ठुमरी ऐकून गेलात तर काशीची भाषा आधीच कानात असेल.

प्रवासी पक्षी

रामनगरच्या रामलीलेबद्दल कुणी लिहील का? आणि जुनं, म्हणजे अहिल्याबाईंच्याही आधीचं देऊळ काशीत एकही उरलेलं नाही असं ऐकलं, खरं का?

जुनी पोथी

शहराच्या गाभ्यात फार जुनं काही नाही, हे बहुतांशी खरं. पण कंदवा इथलं कर्दमेश्वर बघा. बाराव्या शतकाच्या आसपासचं, गाहडवाल राजांच्या काळातलं देऊळ अजून उभं आहे, भिंतींवर मूर्ती आहेत, समोर मोठा तलाव. काशीभोवती फिरणाऱ्या पंचक्रोशी यात्रेचा तो पहिला मुक्काम. पुढचे भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा. साधारण ऐंशी किलोमीटरची वाट, पाच दिवस पायी चालतात. गंगेच्या काठची गर्दी पाहून दमलेल्या माणसाला कर्दमेश्वराचा तलाव फार विसावा देतो.

रामनगरची लीला एकतीस दिवस चालते. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे दिवे नाहीत. रंगमंचही एका जागी नाही. अयोध्या एकीकडे, लंका मैलभर दूर, आणि प्रेक्षक रामाच्या मागे चालत जातात. काही जण हातात रामचरितमानसाची पोथी घेऊन कंदिलाच्या उजेडात ओळी लावत असतात. काशीनरेश हत्तीवरून येतात. नदीपलीकडे आहे, रात्री परतायची सोय आधी बघून ठेवा.

चाफेकळी

ब्रह्माघाट दादा, तुमचा मार्ग लिहून घेतला. मार्गशीर्षाची तिकिटं काढली! आई आज दिवसभर फोनवर सगळ्यांना सांगते आहे. काशीत एखादा पदार्थ सोडायचा असतो ना, तिचं काय सोडायचं यावर आत्तापासून विचार चालू आहे.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मी सहा दिवस राहून आले, पण पराडकर, कर्दमेश्वर आणि बालाजीच्या पायऱ्या मला आज कळल्या. पुन्हा जावं लागणार.

एक गोष्ट मी मुख्य लेखात लिहिली नव्हती, कारण लिहिता येत नव्हती. आज जुनी पोथी यांनी एकनाथी भागवताचा विषय काढला म्हणून लिहिते. नाथांचा ग्रंथ पुरा झाला ती तिथी कार्तिकी पौर्णिमा. अहिल्याबाईंचा हजारा दीपस्तंभ उजळतो तीही कार्तिकी पौर्णिमा, देवदिवाळी. आम्ही त्या रात्री तिथे होतो. दोन तास जागा धरून पायऱ्यांवर बसलो होतो. पुजाऱ्यांनी स्तंभावरच्या एकेका कोनाड्यात वात लावायला घेतली आणि खालून वरपर्यंत दगड उजळत गेला.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आदल्या संध्याकाळचं. कार्तिक महिनाभर पंचगंगेवर उंच बांबू उभारलेले असतात. दोरीने त्यांवर वेताच्या टोपल्या चढवतात, टोपलीत दिवा. त्याला आकाशदीप म्हणतात. गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून. आई ते बघत उभी होती. आपल्याकडे दिवाळीला आकाशकंदील लावतो तो यासाठीच का गं, तिने मला विचारलं. मला माहीत नव्हतं.

शेजारच्या माणसाने विचारलं, माताजी, आपके किसी के नाम का है? आईने आजीचं नाव सांगितलं, म्हणजे तिच्या सासूचं. त्याने पणती लावून टोपलीत ठेवली आणि दोरी आईच्या हातात दिली. ती तिने हळूहळू ओढली, टोपली बांबूच्या टोकाला पोचेपर्यंत. वाऱ्याने दिवा हलत होता पण विझला नाही.

परत येताना आईने ब्रह्माघाटाच्या गल्लीतून तांब्याचा गडू घेतला. पंचगंगेचं पाणी स्वतः भरलं. तो आता देवघरात त्याच जागेवर आहे.

ब्रह्माघाट

ताई, तो दुकानदार म्हणजे गल्लीच्या वळणावर डाव्या हाताला बसणारे म्हातारे असतील. माझ्या आजोबांचा गडूही तिथलाच होता. पुढच्या कार्तिकात मी घरी जाणार आहे. तुमच्या आजींच्या नावाचा दिवा चढवून येईन, नाव तेवढं निरोपातून कळवा.